तीन लाकडांचा दस्ता

माझ्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटतं, म्हणून त्याच्या बुडाशी मी एक लाकडी ठोकळा ठेवतो. चार बोटं जाडीचा, एका अंगाला गोलसर. त्याच्यावर उभ्या पट्ट्या आहेत: तांबूस, पिवळी, काळी, पुन्हा तांबूस. नवीन माणूस विचारतो, हे बर्फीचं लाकूड कुठं मिळालं? पावसाळाभर हा ठोकळा मुकाट असतो. दिवाळी सरते, हवा कोरडी पडते, माणसांचे ओठ फुटू लागतात आणि त्याच सुमाराला त्याचंही तोंड उघडतं. पिवळ्या आणि काळ्या पट्टीच्या मधे नख जाईल एवढी फट पडते. मग मला कळतं, ज्वारी हुरड्यावर आली असणार. आता आमच्या शिवारात ज्वारी हुडकावी लागते. जिकडे पाहावं तिकडे सोयाबीनचं कुटार नाहीतर हरभरा. पण ठोकळा आपलं जुनंच पंचांग धरून बसला आहे.

यंदाही फट पडली. मी खाली वाकून नख घालून पाहिलं. बायको म्हणाली, "दरसाल काय पाहता तुम्ही त्या फटीत? निघते का काही?"

निघतं ना. सगळ्यात आधी निघतो तो वास. सरसाचा. कातडी-शिंगं उकळून केलेला डिंक तापला की जो वास सुटतो, त्याला वास म्हणणं म्हणजे वासाचा अपमान आहे.

त्या साली मी विशीत होतो आणि शहाणा होतो. पुढं तो आजार कमी झाला. नवं राज्य होऊन एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. कचेऱ्यांच्या पाट्या नव्यानं रंगवल्या होत्या आणि रंगाखालून जुनी अक्षरं अजून डोकावत होती. आमचं गाव संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला. डोंगर उतरला की पहिलं वावर लागतं ते मोठीमायचं. मोठीमाय म्हणजे माझी थोरली चुलती. मोठेबाबा वारले तेव्हा मागं तीन गोष्टी राहिल्या: ते वावर, ठासणीची बंदूक आणि मोठीमाय. लेकरूबाळ नव्हतं. पीक राखायचा परवाना तिच्या नावावर झाला आणि ती स्वतः जागलीला जाऊ लागली. दिवस कलला की खांद्यावर बंदूक, डोक्यावर गाठोडं घेऊन निघायची. आमच्या वडिलांना ते रुचत नसे.

"वहिनी, बाईमाणसानं मचाणावर बसनं बरं दिसते का?" ते म्हणत. "देऊन टाका वावर बटाईनं. घरी बसून खा."

"मी बसली असती भाऊजी," मोठीमाय म्हणे, "पण डुकरं घरी नाही येत ना. मलेच जा लागते."

त्या साली मात्र वडिलांनी शब्दच काढून घेतला. मागच्या हंगामात डुकरांनी अर्धी ज्वारी लोळवली होती. यंदाही तसंच झालं, तर पुढच्या पाडव्याला वावर बटाईनं. मोठीमायनं मान हलवली. तिची मान अशी हलायची की हो म्हणाली का नाही म्हणाली, हे समोरच्यानं ठरवावं.

त्या बंदुकीबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंध्या ठासायच्या, छर्रे टाकायचे, पुन्हा ठासायचं. मग मागं ठिणगी पाडणारी बारकी टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि चाप दाबायचा. एवढं होईस्तोवर डुक्कर ज्वारी खाऊन, ढेकर देऊन, डोंगरात जाऊन झोपलेलं असे. त्यात मोठीमाय डावखुरी. घोडा नळीच्या उजव्या अंगाला. उजव्या खांद्यावर बंदूक धरणाऱ्याची ठिणगी पलीकडं उडते. हिची नेमकी गालापाशी. म्हणून चाप दाबताना ती डोळे गच्च मिटायची. बार कुठं जाई ते देवाला ठाऊक. गावात म्हणायचे, मोठीमायच्या बाराले डुकरं भेत नाहीत, चिमण्या भेतात.

डावखुरेपणाचं तिला कधी काही वाटलं नाही. लोहाराकडून तिनं विळासुद्धा उलट्या धारेचा करून घेतला होता. तो चुकून दुसऱ्या कोणाच्या हाती गेला की ज्वारीच्या ताटापेक्षा माणसाची पोटरी जास्त कापली जायची. म्हणून तो विळा कधी चोरीला गेला नाही.

आता माझा पराक्रम. ज्वारी पोटरीत आली होती. संध्याकाळी मी तिची भाकर घेऊन वावरात गेलो. मचाणाच्या शिडीची मधली पायरी निखळलेली. खांबाला भरमार टेकवून ठेवलेली. मी विचार केला, विचार करायची मला तेव्हा फार सवय होती, की एवढी मजबूत वस्तू इथं उभी असताना पायरीची वाट कशाला पाहावी? ठेवला पाय. बंदुकीच्या लाकडी दस्त्याला मान असते, जिथं हात धरतो ती बारीक जागा. तिथून कट्कन आवाज आला. मी खाली, भाकर वर, आणि बंदुकीचे दोन तुकडे.

मोठीमायनं वरून वाकून पाहिलं. "पाय मोडला का बे?"

"नाही मोठीमाय."

"मोडला असता तं बरं झालं असतं. पाय फुकटात जुळते."

बस. एवढंच बोलली. पण खाली उतरून ते दोन तुकडे तिनं पदरात घेतले तेव्हा डोंगराकडं एकदा पाहिलं, मग गावाकडं पाहिलं. गावाकडं जरा जास्त वेळ पाहिलं.

मला अपराधी वाटायला हवं होतं. तसं थोडं वाटलंही. पण खरं सांगतो, त्याहून जास्त नवल वाटलं. मोडलेली ती जागा मी कितीदा तरी पाहिली. नळी लोखंडाची, ती मोडली नाही हे ठीक. पण लाकूड तिथंच का मोडलं? आणि असं तिरपं, ओल्या शेंगेसारखं सोलून का निघालं? लाकडाचे रेशे मानेपाशी आडवे बाहेर पडत होते. म्हणजे मोठेबाबांच्या काळापासून ती बंदूक मोडायची वाटच पाहत होती. कोणीतरी गाढव पाय ठेवील तेवढी खोटी.

वरवट बकालच्या बाजारात एका किराणा दुकानात मी रिकाम्या चहाच्या पेटीवर बसलो होतो. दुकानदार गिऱ्हाइकात गुंतलेला. पेटीचा एक कोपरा पावसात भिजून उकललेला. बोट लावलं तर पापुद्रा निघाला. त्याच्या खाली दुसरा, त्याचे रेशे पहिल्याला आडवे. त्याच्या खाली तिसरा, पुन्हा उभा. मला काय झालं कोणास ठाऊक, कांदा सोलावा तशी मी ती पेटी सोलत गेलो. एवढी पातळ फळी, हिच्यात मणभर चहा कुठल्या कुठून येतो, आणि ही फाटत कशी नाही? एक थर फाटायला निघाला की दुसरा त्याचा हात धरतो.

"ओ भाऊ!" दुकानदार ओरडला. "पेटी व्हय ते, पोथी नाही. पान-पान काऊन मोकळं करून राह्यले?"

मी त्याला सगळं सांगितलं. बंदूक, मोठीमाय, डुकरं, थर. बंदुकीचा दस्ता असाच पट्ट्या चिकटवून करणार, हेही सांगितलं. हे मी स्वतःलाही तेव्हाच सांगितलं. तो पोट धरून हसला.

"बराबर आहे," म्हणाला. "सरकारनं वऱ्हाड, मराठवाडा अन् मुंबई चिकटवून राज्य केलं. तुम्ही तीन लाकडं चिकटवा. पाहू कोणाचा सरस टिकते."

पेटी त्यानं मला देऊन टाकली. पुन्हा दुकानात बसू नका, एवढी अट घातली.

आमच्या गावचा पुंजाजी वाढई हा जगातला एकमेव सुतार असा होता की ज्यानं कोणत्याही कामाला कधी नाही म्हटलं नाही आणि म्हणून कोणतंही काम कधी पुरं केलं नाही. त्याच्या अंगणात एक अर्धा पाळणा होता. ज्या लेकरासाठी तो करायला घेतला होता ते लेकरू आता त्याच पाळण्याला बैल बांधत होतं. पुंजाजीला मी चहाची पेटी दाखवली. त्यानं ती हुंगली, जिभेनं चाटली. लाकूड चाटून पाहायची त्याची रीत होती. त्यातून त्याला काय कळे हे त्यानं कधी सांगितलं नाही, आणि मला वाटतं त्यालाही माहीत नव्हतं.

"कधी केलं नाही बा असं," तो म्हणाला. माझा चेहरा पडला. "म्हून तं करू!"

आम्ही दोघं असे कामाला लागलो की जणू दोन आंधळे रांगोळी काढायला बसले. लाकडं जमवली. जुन्या दाराच्या फळीचं सागवान. पुंजाजीच्या ठेवणीतला शिसमाचा तुकडा, काळा कुळकुळीत. आणि डोंगरातलं हळदीचं लाकूड, म्हणजे हळद नावाचं झाड, कापलं की आतून खरोखरच पिवळं. पट्ट्या पाडल्या, रंधा मारला. आणि माझ्या हुकमावरून, चहाच्या पेटीसारख्या, एक उभी एक आडवी अशा चिकटवल्या.

सरस मी घरच्या चुलीवर वितळवला. आईच्या दुधाच्या पातेल्यात. आई देवळातून आली, उंबऱ्यातच थांबली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "कोन मेलं?" त्या दिवसापासून माझी भट्टी गोठ्यात गेली. बैलांनी दोन दिवस कडबा कमी खाल्ला.

पहिला दस्ता वाळला. दिसायला काय देखणा! पुंजाजीनं पटाशी लावली तर एक थर लोण्यासारखा कापला जाई आणि पुढचा थर दातासारखा तुटून पडे. मान घडवताना तर ती त्याच्या हातात सहज, कोणी पाय न ठेवताच, मोडली. पुंजाजी दोन तुकडे हातात घेऊन मोठ्या कुतूहलानं पाहत राहिला. "पेटी तं नाही मोडत," तो म्हणाला. "मंग हे काऊन मोडलं?"

"काऊन मोडलं?" मीही म्हणालो. आम्ही पुष्कळ वेळ एकमेकांना हाच प्रश्न विचारत बसलो.

उत्तर मला तुराट्यांच्या मोळीनं दिलं. रागानं मी तिच्यावर जाऊन बसलो. मोळी करकरली, वाकली, पण मोडली नाही. एकेक तुराटी तर पोरंही मोडतात. मी उठलो, पुन्हा बसलो. पुन्हा उठलो, पुन्हा बसलो. आईनं दारातून पाहिलं आणि शेजारणीला सांगितलं की सरसाच्या वासानं पोराच्या डोक्यात गेलं. पण मला दिसलं होतं: मोळीतल्या साऱ्या तुराट्या एकाच दिशेनं असतात. पेटीला धक्का चारी बाजूंनी बसतो, म्हणून तिचे थर आडवे-उभे. बंदुकीच्या मानेला ताण लांबीतच बसतो. मग साऱ्या पट्ट्या लांबीतच हव्यात. एकीचा रेशा जिथं दुबळा, तिथं शेजारणीचा धड.

आणि याच नादात दुसरी गंमत हाती लागली. पातळ पट्टी वाकते. वाकलेल्या पट्ट्या एकावर एक चिकटवल्या आणि सरस वाळेपर्यंत तशाच आवळून ठेवल्या, तर सोडल्यावर त्या सरळ होतच नाहीत! एकटी पट्टी लगेच सरळ होते. चौघी मिळून वाकल्या की वाकल्या. असं का होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. तेव्हा मात्र मी ओरडलो, "पुंजाजी, दस्ता डाव्या अंगाले वाकवू!" म्हणजे नळी मोठीमायच्या डाव्या डोळ्यासमोर येईल आणि गाल ठिणगीपासून दूर राहील.

त्यासाठी माप हवं. आश्विनातलं ऊन, अंगणात मोठीमाय उभी, मी हातात सुतळी घेऊन शिंप्यासारखा तिच्याभोवती फिरतोय. खांद्यापासून चापाच्या बोटापर्यंत एक गाठ, गालापर्यंत एक गाठ. "हे काय सोंग करून राह्यला?" ती म्हणाली. पण जागची हलली नाही. तिच्या मापाची वस्तू त्या विळ्यानंतर कोणी केली नव्हती. मोठेबाबा ताडमाड उंच, त्यांच्या मापाची बंदूक ती इतकी वर्षं खांद्याला लावत होती आणि खांदा काळानिळा करून घेत होती.

पट्ट्या आम्ही जुन्या चाकाच्या कडेवर वाकवल्या, गाडीचा भार आवळतो तसे दोर आवळले, दोरात दांडकं घालून पीळ दिला. पुंजाजीनं हे काम चक्क पुरं केलं. त्याच्या घरच्यांना काळजी वाटू लागली. लोखंडी नळी बसवली, घोडा बसवला. तांबूस-पिवळी-काळी अशी ती मान एका बाजूला कलती करून बंदूक उभी राहिली, तेव्हा मोठीमाय तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "हे बंदूक व्हय का लुगड्याचा काठ?"

दवानं सरस सुटेल, असं पुंजाजी म्हणाला. बहुतेक चाटून कळलं असावं. मग मोठीमाय रोज सकाळी उन्हात बसून दस्त्याला जवसाचं तेल चोळू लागली. मांडीवर आडवा घ्यायची, डाव्या तळव्यावर तेल, आणि वरून खाली, वरून खाली. लाकूड पीत जायचं. न्हाणीच्या बाळाला चोळतात तसं ती चोळायची, आणि गल्लीतून कोणी आलं की चटकन पदराखाली घ्यायची. आमची आई ते पाहून एकदा काहीतरी थट्टेचं बोलायला गेली आणि तेलाची वाटी तिच्याजवळ सरकवून परत आली.

ज्वारी हुरड्यावर आली. धुऱ्यालगतच्या दोन ओळींतली कणसं एका रात्रीत गेली होती. वडील सकाळी बांधावर उभे राहून ती लोळलेली ताटं पाहून आले होते, आणि पाडव्याला किती महिने उरले ते त्यांनी बोटांवर मोजलं होतं. त्या तिन्हीसांजेला मी मचाणावर मोठीमायजवळ बसलो. आता थंडी पडू लागली होती. डोंगराकडून उतरणारी थंडी पायातून चढते. मोठीमायनं घोंगडी घेतली, दुहेरी घडी करून डाव्या खांद्यावरून लपेटली आणि बंदूक मांडीवर ठेवली. अंधार अजून पडायचा होता. पहिलं डुक्कर आलं तेव्हा आधी ताटं हलली, मग तो खाण्याचा मचमच आवाज.

मी कुजबुजलो, "मोठीमाय, उचल!"

तिनं उचलली. आणि दस्त्याचं बूड घोंगडीच्या घडीत अडकलं. ती ओढते, घोंगडी ओढली जाते. पुन्हा ओढते, पुन्हा अडकते. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माप मी घेतलं आश्विनातल्या भर उन्हात, उभ्या मोठीमायचं, अंगावर सुती लुगडं. बंदूक चालवायची होती थंडीत, मांडी घालून बसलेल्या मोठीमायला, खांद्यावर चार बोटं जाडीची घोंगडी घेऊन! त्रिभुवनातली लाकडं एकत्र आणली, पण हंगाम मोजायचा राहिला.

"लंबा झाला बे!" ती दातओठ खात म्हणाली.

"चार बोटं," मी म्हणालो. अशा वेळीही मला अचूक सांगायची हौस.

तिनं माझ्याकडं एक नजर टाकली, खांद्यावरची घोंगडी झटक्यात फेकली, ती माझ्या तोंडावर पडली, आणि घोंगडीच्या आतूनच मी बार ऐकला. डोंगरानं तो परत पाठवला. मी डोकं बाहेर काढलं तेव्हा दारूचा धूर अंगावरून जात होता, ताटं डोंगराच्या दिशेनं मोडत पळत होती, आणि मोठीमाय काकडत बसली होती. डोळे टक्क उघडे.

"दिसलं," ती म्हणाली. "मले दिसलं रे! बार लागला कोठी ते दिसलं. त्या दगडाले लागला." तिला डुक्कर चुकल्याचं काही नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं आपला बार पहिल्यांदा पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पुंजाजीच्या अंगणात गेली. ऊन असतानाही घोंगडी दुहेरी लपेटलेली. त्या अर्ध्या पाळण्यावर मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, "आता मोज." घाम तिच्या हनुवटीवरून टपकत होता. मी मोजलं. पुंजाजीनं करवत लावली. तांबूस-पिवळा-काळा भुसा खाली पडला आणि चार बोटांचा एक ठोकळा माझ्या पायाशी घरंगळत आला.

त्यानंतर तिचा नेम असा बसला की आठवड्याभरात डुकरांनी वाट बदलली. पलीकडच्या गावानं आम्हाला शिव्या दिल्या.

मोठीमायच्या वावरात हुरडा झाला तेव्हा वडीलही आले. आगटीभोवती सारे बसलेले, भाजलेल्या कणसांचा वास, शेंगदाण्याची चटणी. वडिलांनी तळहातावर हुरडा चोळला, फुंकला, खाल्ला. ज्वारीकडं पाहिलं, उभी होती. मग त्यांनी मचाणाला टेकवलेली भरमार उचलली. माणूस बोलायला शब्द सापडले नाहीत की हाताला काहीतरी घेतो. बंदूक उजव्या खांद्याला लावली, डोळा बारीक केला. मान वळवून पाहिली, बंदूक वळवून पाहिली. नळी आपली तिसरीकडंच.

"वहिनी, ह्याच्यातून तं काहीच दिसत नाही," ते म्हणाले.

मोठीमाय आगटीत कणीस फिरवत होती. डाव्या हातानं. वर न पाहता म्हणाली, "बराबर आहे भाऊजी. माह्या बंदुकीतून तुमाले माह्यं वावर दिसाचंच नाही."

मग वडील स्वतःच हसले, बंदूक जागेवर ठेवली आणि म्हणाले, "आनखी एक कनूस टाका." पाडवा आला आणि गेला. बटाईचा विषय निघाला नाही. पुढं किती तरी हंगाम ती त्या मचाणावर बसली.

ठोकळा माझ्याजवळ राहिला. सोयाबीनच्या शिवारातून हल्ली डुकरांसाठी लावलेल्या विजेचा झटका देणाऱ्या तारेचं यंत्र टिक्-टिक् करतं, कोणाच्याही खांद्याचं माप न घेता. परवा नख घालून झाल्यावर मी ठोकळा उचलला, बायको आत गेली आहे हे पाहिलं, आणि उजव्या खांद्याला लावून एक डोळा मिटला. पुंजाजीच्या अंगणात पुरी झालेली बंदूकही मी अशीच लावून पाहिली होती. केली मी, वाकवली मी, मोजली मी, तीही दोनदा. आणि मलासुद्धा त्यातून फक्त घोडा दिसला होता.